गोळी चहात नको, तळहातावर

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. ते बोलणे आपल्याला नवीन नाही. आता जे बोलायचे आहे ते मात्र या व्यासपीठावरून आपण फारसे कधी बोललो नाही. सभा संपते, सतरंज्या गोळा व्हायला लागतात, तेव्हा मागे एखादी बाई थांबलेली असते. कधी तिच्यासोबत कॉलेजात जाणारा मुलगा असतो. दोघे गाडीपर्यंत येतात, इकडेतिकडे पाहतात आणि हळूच विचारतात, "भाऊ, तुमी औषधाचं शिकले ना? दारू सोडवायचं औषध असते म्हणते. ते खरंच लागू पडते का?"

आम्ही शिकलो ते पिकाच्या औषधाचे. तरी हा प्रश्न इतक्या गावांत, इतक्या वेळा आला की आज त्याचे उत्तर चारचौघांत द्यायचे ठरवले. उत्तर एका वाक्यात आहे. औषध आहे, लागू पडते, पण चोरून दिले तर जीव घेते आणि सांगून दिले तर जीव वाचवते. बाकीचे सगळे बोलणे या एका वाक्याच्या खुलाशासाठी आहे.

आजवर गप्प का राहिलो, तेही सांगायला पाहिजे. शेतकऱ्याने विष घेतले की पंचनामा होतो, चौकशी होते, मदतीचे प्रकरण पात्र की अपात्र हे ठरते. त्या कागदावर 'मयत व्यसनी होता' एवढे एक वाक्य आले की पिकाचा भाव, बँकेचे कर्ज, सावकाराचा तगादा हे सगळे अनेकदा बाजूला पडते. म्हणून आपण एकच उत्तर देत आलो: दारूने कर्ज होत नाही, कर्जाने दारू येते. हे उत्तर साहेबाला द्यायला बरे होते. ओसरीवर पडलेल्या बापाला ते ऐकवून बाप काही उठत नव्हता. बोंडअळी कुठून आली यावर आपण रात्रभर वाद घातला तरी अळी बोंड पोखरायची थांबत नाही. कारणाचा वाद चालू ठेवू. पण आधी बोंड वाचवू.

आमच्या घरचे

ही गोष्ट आमच्या घरची आहे. आम्ही म्हणजे आमची माय, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण. सांगायची परवानगी बाबांनी दिली आहे. म्हणाले, "गावाचं नाव नको घेऊ. पन चहाचं सांगजो."

बाबांची बारा एकर कोरडवाहू. कापूस, तूर, ज्वारी. बाबा आधी बाजाराच्या दिवशी घ्यायचे, मग रोज संध्याकाळी, मग सकाळी उठल्याबरोबर. सकाळी घेतली नाही तर हात थरथरायचे. चाड्यावर मूठ धरली की बी एका जागी ढिगाने पडायचे आणि पुढे चार हात तास रिकामे राहायचे. एका वर्षी मधल्या तासात असेच खंड पडले आणि शेजारी हसले. त्यानंतर बाबांनी तिफण दुसऱ्याच्या हातात दिली ती दिलीच.

आम्ही काय केले? जे सगळ्या घरांत होते तेच केले. बाटल्या ओतून दिल्या. देवाच्या शपथा घ्यायला लावल्या. गळ्यात माळ घातली, ती पंधरा दिवस टिकली. गुत्त्यावरची उधारी मायने गुपचूप फेडली, म्हणून गुत्तेवाल्याने पुढची उधारी बिनघोर दिली. पाहुणे आले की "त्यांना ताप आहे" असे सांगितले. आम्ही कृषीची पदवी घेऊन नोकरीला लागलो होतो. घरी पैसे पाठवत होतो आणि घरी यायचे टाळत होतो. हेही कबूल करतो.

२०१२ च्या डिसेंबरात कापूस वेचणी चालू असताना एस.टी. स्टँडच्या भिंतीवर रंगवलेली एक जाहिरात आमच्या नजरेत भरली. तुम्हीही अशा पाहिल्या असतील. 'पिणाऱ्यास न सांगता दारू सोडवा.' न सांगता! भांडण नाही, लाज नाही, शिव्या नाहीत. तालुक्याच्या एका दुकानातून गोळ्या आणल्या. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नाही. "कुटून चहात टाका, चव कळत नाही," एवढाच सल्ला मिळाला. दोन दिवस मायने तसा चहा दिला. तिसऱ्या दिवशी बाजार होता.

दुपारी दोघांनी बाबांना उचलून आणले. तोंड आणि मान लालबुंद, डोळे तांबडे, धाप लागलेली, ओकारीवर ओकारी, आणि नाडी हाताला लागेना. जीपमध्ये घालून तालुक्याला नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो आपल्या भागात सगळेच डॉक्टर विचारतात, "फवारणीचं औषध घेतलं का?" आम्ही मान हलवली. "मग पोटात काय गेलं?" आम्ही गप्प. पुन्हा विचारले. पुन्हा गप्प. शिकलेली मुले आम्ही! पोलीस केस होईल, गावात नाव जाईल, हा हिशेब डोक्यात चालू होता. नर्स विषाच्या उपचाराची तयारी करायला लागली. तेव्हा माय पुढे आली आणि म्हणाली, "आमीच देल्लं, साहेब. चहात."

त्या एका वाक्याने बाबा वाचले. काय झाले ते कळले म्हणून डॉक्टरांना नेमके उपचार करता आले.

गोळी काय करते

आता या गोळीची ओळख करून देतो. तुम्ही तिच्या भाऊबंदाला वर्षानुवर्षे ओळखता.

पेरणीआधी ज्वारीच्या, कापसाच्या बियाण्याला आपण थायरम चोळत आलो. किलोला ३ ग्रॅम. बुरशीपासून बी वाचते. हेच रसायन रबराच्या कारखान्यातही वापरतात. १९३७ साली अमेरिकेतल्या विल्यम्स नावाच्या कारखान्याच्या डॉक्टरने लिहून ठेवले की या जातीच्या रसायनात काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोन संशोधक थायरमच्याच घराण्यातले दुसरे रसायन जंतांवरचे औषध म्हणून तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले. नंतर थोडी दारू घेतली आणि दोघेही आजारी पडले. १९४८ साली त्यांनी हे जगापुढे मांडले. त्या रसायनाचे नाव डायसल्फिराम. थायरममध्ये जिथे मिथाइल आहे तिथे यात इथाइल आहे, एवढाच फरक. सख्खे चुलतभाऊच म्हणा.

इथेच एक गोष्ट बजावून सांगतो. चुलतभाऊ म्हणजे तो स्वतः नव्हे. बियाण्याचे थायरम हे विष आहे. ते कोणाला पोटात द्यायचा विचारही मनात आणू नका. आणि बीजप्रक्रिया करून आलेल्या माणसाने त्या दिवशी दारूला हात लावू नये.

गोळी शरीरात काय करते ते पाण्याच्या पाटावरून समजून घ्या. दारू पोटात गेली की यकृत तिला दोन टप्प्यांत मोडते. पहिल्या टप्प्यात तिचे ॲसिटाल्डिहाइड नावाचे एक विषारी द्रव्य होते. दुसऱ्या टप्प्यात त्या विषाचे साधे, निरुपद्रवी द्रव्य होऊन ते निघून जाते. डायसल्फिराम दुसऱ्या टप्प्याचे दार बंद करते. वरचे दार उघडे, खालचे बंद. मग पाट तुंबतो. दारू घेतल्यावर दहा मिनिटे ते अर्ध्या तासात तोंड लाल होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो. हृदय कमकुवत असेल, दारू जास्त झाली असेल, तर माणूस दगावतोही.

म्हणजे ही गोळी दारूची इच्छा मारत नाही. ती कुंपण आहे. कुंपणाचा उपयोग कधी? कुंपण आहे हे माहीत असेल तेव्हा. ज्याला माहीत आहे तो म्हणतो, "आज मी गोळी घेतली आहे, आज दारू घेता येत नाही," आणि दिवस काढतो. ज्याला माहीत नाही तो अंधारात काटेरी तारेत जाऊन पडतो. आम्ही बाबांच्या वाटेत अंधारात तार ओढली होती. गोळी तीच असते. सांगून दिली तर औषध आणि न सांगता दिली तर सापळा.

एकदम सोडणेही धोक्याचे

दुसरी गोष्ट आम्ही त्याच दवाखान्यात शिकलो. भरती केल्याच्या दुसऱ्या रात्री बाबा थरथरायला लागले. घामाने अंथरूण भिजले. तिसऱ्या रात्री ते वॉर्डात बैल हाकायला लागले. आमच्यावर ओरडले, "जू धर! पाऊस येऊन राह्यला!" आम्हाला वाटले वेड लागले. ते वेड नव्हते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की सहा-आठ तासांत कंप सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होतात, माणूस बरळतो, आणि यात मृत्यूही येऊ शकतो.

म्हणून, मायबहिणींनो, ज्याला सकाळी उठल्याबरोबर दारू लागते, ज्याचे हात थरथरतात, त्याला खोलीत कोंडून दारू तोडू नका. पाहुण्यांनी कितीही सल्ला दिला तरी नाही. पहिला आठवडा-दहा दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचा असतो. त्या काळात वेगळी औषधे देतात आणि ती हळूहळू कमी करत बंद करतात. सोबत ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण दारूने ते शरीरातून संपलेले असते. नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घरी पाठवणे हा उपचार नव्हे. ब-१ न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊ शकते.

हा पहिला टप्पा झाला. जमीन तयार झाली. पेरणी पुढे आहे.

दारू पूर्ण उतरल्यावर पुन्हा सुरू होऊ नये म्हणून जी औषधे देतात ती एकच नाही. डायसल्फिरामची ओळख झाली. दुसरे नॅलट्रेक्सोन. ते दारूतून मिळणारा आनंद बोथट करते, ओढ कमी करते. ज्याला अफू किंवा अफूच्या जातीचे वेदनाशामक औषध चालू आहे त्याला ते देत नाहीत. तिसरे ॲकॅम्प्रोसेट. ते दिवसातून तीनदा घ्यावे लागते, दारू सोडलेल्या माणसाची आतली बेचैनी कमी करते. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी करतात. कोणत्या जमिनीत कोणते वाण हे जसे माती पाहून ठरते, तसे कोणाला कोणते औषध हे यकृत, हृदय, मूत्रपिंड आणि मन पाहून डॉक्टर ठरवतात. यकृत खराब असेल, हृदयविकार असेल, पूर्वी भ्रमिष्टपणा आलेला असेल, तर डायसल्फिराम बहुधा देत नाहीत. शेजाऱ्याला लागू पडले म्हणून आपल्या बापाला तीच गोळी आणायची, हे शेजाऱ्याचे पाहून रान न बघता फवारणी करण्यासारखे आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केले

बाबा घरी आले आणि त्यांना चहाचे कळले. लपवायचे नाही असे मायनेच ठरवले होते. ते आम्हाला एवढेच म्हणाले, "मले काहून चोरून चारलं? मी ढोर हाय का?" त्यानंतर महिनाभर त्यांनी घरचा चहा तोंडाला लावला नाही. सकाळी उठून चौकातल्या हॉटेलात जायचे. माय चुलीपुढे बसून रडायची. दारूने जे तोडले नव्हते ते आमच्या चहाने तोडले होते.

आणि दारू? ती पुन्हा सुरू झाली. पण वॉर्डातल्या त्या रात्रींची धास्ती त्यांनाही बसली होती. २०१३ च्या फेब्रुवारीत एका सकाळी, प्यायच्या आधी, ते स्वतःच म्हणाले, "दवाखान्यात नेता तर न्या. पन जे द्यायचं ते मले सांगून द्या."

त्यांना जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. दहा दिवस भरती. रक्ताच्या, यकृताच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी गोळी बाबांच्या हातात दिली, काय होते ते त्यांना समजावून सांगितले आणि विचारले, "घ्याल का?" सही बाबांनी केली. शेवटच्या घोटानंतर ठरलेला वेळ जाऊ दिला आणि मगच पहिली गोळी दिली. निदान १२ तास तरी जावे लागतात. डॉक्टर बहुधा त्याहून जास्त थांबतात.

घरी येताना डॉक्टरांनी आमच्यात आणि बाबांमध्ये एक ठराव करून दिला. तो तुम्हाला सांगतो, कारण खरी मदत त्यात आहे.

पहिले. गोळी रोज एकाच वेळी, सगळ्यांसमोर, तळहातावर द्यायची. आमच्याकडे सकाळच्या चहाची वेळ ठरली. एका हाताला चहाचा कप, दुसऱ्या हाताला गोळी आणि पाण्याचा गिलास. दोन्ही वेगवेगळे, दोन्ही डोळ्यांसमोर. पहिल्या दिवशी बाबांनी कपाकडे पाहिले, मायकडे पाहिले आणि चहा घेतला. मग गोळी घेतली. महिनाभरानंतरचा घरचा चहा.

दुसरे. देणाऱ्याने उपदेश करायचा नाही. गोळी देताना कालचे भांडण, मागच्या वर्षाची उधारी, बहिणीच्या लग्नातला तमाशा काढायचा नाही. बाबांनी गोळी घेतली की "बरं झालं" एवढे म्हणायचे. नाही घेतली तर "आज गोळी राहिली" एवढे म्हणायचे. बळजबरी नाही. दोन दिवस राहिली तर डॉक्टरांना कळवायचे, आणि हे कळवणार हे बाबांना आधीच माहीत.

तिसरे. हे काम एकट्या मायच्या डोक्यावर टाकायचे नाही. तीस वर्षे तिने सोसलेले. तिच्या हातून गोळी घेताना बाबांना तो हिशेब दिसायचा आणि तिलाही. म्हणून धाकट्या भावाने ते काम घेतले. पोराने बापाला औषध देण्यात कमीपणा कोणाचाच नाही.

चौथे. खिशात चिठ्ठी ठेवायची की या माणसाला ही गोळी चालू आहे. रस्त्यात काही झाले तर डॉक्टरला कळावे. आणि लपलेली दारू ओळखायची. खोकल्याची काही औषधे, काही टॉनिके, वैद्याकडची आसवे आणि अरिष्टे यांत मद्यार्क असतो. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी दवाखान्यात गेले तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचे. काही औषधांशी तिचे जमत नाही. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, भूक मेली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचे.

दुबार पेरणी

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे झाले. नाही झाले. पोळा जवळ आला. बाबा म्हणाले, "गोळीनं पोट दुखते, थोडे दिवस राहू दे." आम्ही भोळे. दहा-बारा दिवस गोळी बंद. पोळ्याच्या संध्याकाळी बैल दारात, आणि बाबा गुत्त्यावर. गोळीचा असर बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून त्रास झालाच, पण थोडक्यात निभावले. आम्ही समजलो ते असे: गोळी थांबवायची घाई ही बहुधा दारूची आगाऊ तयारी असते. पोट दुखते हे खरेही असेल. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे.

त्या रात्री धाकटा भाऊ म्हणाला, "संपलं सगळं." तेव्हा माय म्हणाली, "मिरगाचं बी वाया गेलं म्हनून आपन शेत पडीक ठेवतो का?" हे वाक्य आम्ही त्यानंतर किती घरांत सांगितले असेल! दारू सुटता सुटता पुन्हा पाय घसरणे हे फार जणांना होते. तो उपचाराचा शेवट नसतो. मात्र दुबार पेरणी करताना पहिले बी का गेले हे पाहावे लागते. आम्ही पाहिले. सण, बाजार आणि कापसाचा चुकारा हाती येतो तो दिवस, हे तीन दिवस धोक्याचे. त्या दिवशी घरातला एकजण बाबांसोबत राहायचा, पहारेकरी म्हणून नाही, सोबती म्हणून. चुकारा खात्यात जमा करायचा हे बाबांनीच ठरवले. डॉक्टरांनी तपासून गोळीची घडी पुन्हा बसवून दिली.

आणखी एक चूक दुरुस्त केली. दारूच्या काळात आम्ही बाबांना घरातल्या कोणत्याच गोष्टीत विचारत नव्हतो. काय पेरायचे, बैल विकायचा की ठेवायचा, सगळे आम्हीच ठरवायचो. दारू गेली आणि त्यांच्या हातात दिवसभर काहीच उरले नाही. गुत्त्यावर निदान चार माणसे त्यांचे ऐकायची. गोळी दारू अडवते, रिकामा दिवस भरत नाही. तो घरच्यांनी भरायचा असतो. त्यांना त्यांची शेती परत द्यायची असते.

२०१४ साली पाऊस लांबला, आठवत असेल. पेरण्या जुलैवर गेल्या. आम्ही सुटी काढून घरी आलो होतो. हातमोजे घालून ज्वारीच्या बियाण्याला थायरम लावत बसलो होतो. बाबा दूर उभे राहून पाहत होते. त्यांना गोळीची सगळी कुळकथा आम्ही सांगितलेली. म्हणाले, "म्हंजे बियाले लावता त्याच्याच भावकीतलं मले लावलं म्हना." आम्ही हसलो. मग ते म्हणाले, "सरक. मूठ मी धरतो." आणि त्यांनी चाड्यावर मूठ धरली. आठ दिवसांनी ज्वारी उगवून आली तेव्हा आम्ही तासातासाने फिरलो. खंड नव्हता.

कुठे जायचे

सगळ्या घरांत असेच होईल असे आम्ही म्हणत नाही. काही जण उपचाराला तयारच होत नाहीत. तुम्ही कितीही केले तरी गोळी घ्यायचा निर्णय शेवटी त्या माणसाचा असतो. मुलांनो, बाप पितो यात तुमचा दोष नाही आणि त्याची दारू सोडवणे ही तुमची एकट्याची जबाबदारी नाही. जिथे मारहाण आहे तिथे आधी मायचा आणि लेकरांचा जीव, मग औषध. मार खाणाऱ्या बाईच्या हातून गोळी देण्याचा ठराव करू नका. ११२ ला फोन करा, महिलांसाठी १८१ आहे.

उपचार होतात हेच पुष्कळांना माहीत नाही. केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेली देशभरची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला, असे त्यात आढळले. बाकीचे ३७ कोणाच्या तरी ओसरीवर आहेत. त्यांच्यासाठीच भिंतीवरच्या जाहिराती रंगवलेल्या असतात.

जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. दारू सोडलेल्या माणसांनीच चालवलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा असतात. १९३५ साली अमेरिकेत दोन दारूड्यांच्या भेटीतून त्या सुरू झाल्या. तिथे फी नाही, आडनावही विचारत नाहीत. घरच्यांसाठी त्यांच्याच धर्तीवर अल-अनॉन आहे. आमची माय दोनदा अशा सभेला गेली आणि म्हणाली, "मले वाटे माह्याच घरी आहे."

डॉक्टरांकडे गेलात की पाच प्रश्न विचारा. यांची दारू घरी तोडता येईल की भरती करावे लागेल? कोणते औषध आणि तेच का? त्याआधी कोणत्या तपासण्या? गोळी किती महिने? काय दिसले की लगेच यायचे? बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचल्याशिवाय आपण पिशवी फोडत नाही. इथेही वाचल्याशिवाय, विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि सरकारी रुग्णालयात ही औषधे शिल्लक नाहीत असे सांगितले तर तारखेसह लिहून आणा. कापसाच्या भावासाठी आपण तहसीलवर जातो, तसे यासाठीही जाऊ.

आज सभा संपल्यावर कोणी गाडीपाशी येऊन हळूच विचारू नका. इथे, सगळ्यांसमोर विचारा. लाज वाटली तर आमच्या घरचे आठवा. आम्ही लाजेपायी चहात गोळी टाकली होती आणि लाजेपायीच दवाखान्यात गप्प उभे होतो. लाज सोडून माय बोलली म्हणून बाबा वाचले.

बाबा आजही सकाळी घरचाच चहा घेतात. गोळी डॉक्टरांनी केव्हाच बंद केली. पण कप हातात घेतल्यावर ते अजून एकदा आत डोकावून पाहतात आणि मग मायकडे पाहून हसतात. तेवढे एक डोकावणे आमच्या हातून झालेल्या चुकीचे राहिले आहे. ते तुमच्या घरी राहू नये म्हणून हे सगळे सांगितले.